गर्दीचे भय आणि दीक्षाभूमी

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर न दिसणाऱ्या माणसाविषयी आपल्या समाजात फार लवकर मत बनते. नोकरी लागली, घर झाले, आता बाबासाहेबांची आठवण कशाला राहील, असे कोणीतरी म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. या तर्काला आमचा आक्षेप आहे. न येणाऱ्यांत काहीजण असे असतात की ज्यांच्या मनात दीक्षाभूमी इतरांइतकीच वसलेली असते, परंतु लाखोंच्या गर्दीचा नुसता विचार आला तरी त्यांच्या तळहातांना घाम फुटतो. आम्ही त्यांपैकीच. गर्दीचे भय वसतिगृहाच्या दिवसांपासून आमच्या सोबतीला आहे आणि ते या स्मरणिकेत लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही.

ज्याला हे भय नाही त्याला ते समजावून सांगणे कठीण. चहूबाजूंनी माणसे दाटली की प्रथम श्वास आखूड होतो, मग छाती धडधडू लागते, पायांतले बळ जाते आणि डोक्यात एकच प्रश्न उरतो: बाहेर पडण्याची वाट कोठे आहे? खऱ्या संकटासाठी राखून ठेवलेली सारी तयारी शरीर त्या क्षणी उगाच करून टाकते. तेथून पळ काढला की लगेच जीव भांड्यात पडतो, आणि नेमकी तीच सुटका भयाला खतपाणी घालते. पुढच्या वेळी ते अधिक मोठे होऊन येते. आधी यात्रा सुटते, मग आठवडी बाजार, मग सख्ख्या भाचीच्या लग्नाचा मांडव.

हे भय अगदीच निराधार असते असेही नव्हे. याच नागपुरात 23 नोव्हेंबर 1994 रोजी मोर्चातील चेंगराचेंगरीत 114 गोवारी बांधवांचे प्राण गेले. तेव्हा बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे ठेवणे, येणाऱ्यांच्या व जाणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या राखणे, ही भित्र्या माणसांसाठी केलेली मेहेरबानी समजू नये. ती सर्वांच्या जिवाची काळजी आहे. समता सैनिक दलाचे तरुण उन्हात उभे राहून हे काम करतात, त्यांचे ऋण आमच्यासारख्यांना अंमळ जास्तच कळते.

आमची आजी 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्या मैदानावर होती. भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून बाबासाहेबांनी व माईसाहेबांनी दीक्षा घेतली, नंतर बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या जनसमुदायाला 22 प्रतिज्ञा दिल्या, हे आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी तिच्या तोंडून ऐकले. तिच्या सांगण्यात एक गोष्ट हमखास येई. गावी परतल्यावर देव्हाऱ्यातले देव नदीत सोडताना तिचे हात थरथरत होते. देवाचा कोप होईल, लेकरू आजारी पडेल, गाव पाणी तोडेल, असे सारेच तिच्या मनात होते. तरीही देव सोडले. त्या मैदानावर निर्भय माणसे जमली होती, असे त्यामुळे आम्हांस कधी वाटलेच नाही. मधुमेहाने थकलेल्या देहाने, काठीच्या आधाराने उभ्या असलेल्या बाबासाहेबांना पाहून, भय मनात असलेलीच माणसे पुढे सरकली होती.

मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. बोधिप्राप्तीपूर्वी आपण अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमेच्या रात्री मुद्दाम भयाण वनांत राहत होतो, असे भगवान तेथे जाणुस्सोणि ब्राह्मणाला सांगतात. हरीण फिरकले, मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाने सळसळली की भय येई. चालताना भय आले तर ते ओसरेपर्यंत चालतच राहायचे, बसलेले असताना आले तर बसूनच राहायचे, हा त्यांचा नेम होता. आजचे मानसोपचारतज्ज्ञ जवळपास हेच सांगतात: पळू नका, पायरीपायरीने सामोरे जा, भयाची लाट आपोआप उतरते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आपल्या मुलांना निव्वळ पाठांतरासाठी शिकवले जाते, याची आम्हांस हळहळ वाटते.

आम्हीही पायऱ्या केल्या. प्रथम एका साध्या मंगळवारी स्तूपात गेलो. त्या भव्य पोकळ घुमटाखाली तेव्हा जेमतेम वीस माणसे होती. पुढच्या वर्षी सोहळ्याच्या दोन दिवस आधी. त्यानंतर प्रत्यक्ष विजयादशमीला, पहाटे पाचला. सोबत वसतिगृहात शेजारच्या खाटेवर झोपणारा आमचा मित्र होता. त्याला एकच अट घातली होती: ओढायचे नाही आणि धीरही द्यायचा नाही, फक्त दिसेल असे उभे राहायचे. रहाटे कॉलनी चौकापासूनच पांढऱ्या वस्त्रांची रीघ लागलेली, पदपथावर रात्र काढलेली कुटुंबे भाकरीची फडकी सोडत बसलेली, कोठे बुद्धवंदना तर कोठे भीमगीते. भय आले ते पुस्तकांच्या दुकानांपाशी. आम्ही एका टेबलावर हात टेकून तेथेच उभे राहिलो. मित्राच्या हिशेबाने दहा-बारा मिनिटे. विक्रेता बिचारा दर मिनिटाला नवे पुस्तक पुढे करीत होता. लाट उतरली तेव्हा त्यातली तीन विकत घेतली. अस्थिकलशाच्या दर्शनाची रांग आम्हांस झेपली नाही. बोधिवृक्षाला दुरून वंदन करून परतलो. तेवढे पुरेसे होते, असे आमचे मत आहे, आणि कोणी त्याला अर्धवट म्हटले तरी ते बदलणार नाही.

पालकांना आणि शाळेच्या गुरुजनांना म्हणून विनंती आहे. दरवर्षी मुलांना नागपूरला नेताना एखादे मूल बसमधून उतरायला तयार होत नाही. त्याला नाटकी ठरवू नये, हात धरून फरफटतही नेऊ नये. गर्दीच्या कडेला, सावलीत, एका शिक्षकासह त्याला बसू द्यावे. भेटण्याची खूण आधीच ठरवावी. पुढच्या वर्षी दहा पावले अधिक. आणि ज्या आजारी, वृद्ध वा भयग्रस्त उपासकाने त्या दिवशी गावच्या विहारातच त्रिशरण-पंचशील घेतले, त्याला परतल्यावर 'का नाही आलात?' असे विचारण्यापेक्षा मैदानावरून आणलेले एखादे पुस्तक त्याच्या हाती द्यावे.