समानार्थी पोलाद

कोशांत ‘जल’ आणि ‘पाणी’ हे शब्द समानार्थी म्हणून शेजारीं बसतात. पण पानावर बसलेला मनुष्य ‘जल वाढा’ असें म्हणत नाहीं. पोलादाच्या कोष्टकांचेंहि तसेंच आहे. प्रत्येक देशाचें मानक निराळें, म्हणून एकाच कामाच्या पोलादास ठिकठिकाणीं निराळीं नांवें. त्यांची सांगड घालणारीं कोष्टकें सहज मिळतात. आमच्या वाचकांच्या घरोघरीं आज एखादा तरी एंजिनियर असतो; त्याच्यासाठीं, आणि त्यानें बांधिलेल्या पुलावरून जाणाऱ्या आपणां सर्वांसाठीं, आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

बांधकामाचें नित्याचें पोलाद घेऊं. भारतीय मानक २०६२ मधील ‘ई २५०’ या प्रतीनें, जाडी बेताची असतां, दर चौरस मिलिमीटरास २५० न्यूटन ताण कायमचें न लांबतां सोसला पाहिजे. अमेरिकेचें ‘ए ३६’ हेंहि तितक्याच बळाचें. युरोपांत मात्र ‘एस २३५’ आणि ‘एस २७५’ अशा प्रती आहेत. आपलें पोलाद या दोहोंच्या मध्यें पडतें. कोष्टककार त्यांपैकीं एकीशीं गांठ मारून मोकळा होतो! हिशेब २७५ धरून केला असेल, तर ‘ई २५०’ घातल्यानें बळ सुमारें शेंकडा ९ नें उणें पडतें.

याहून सूक्ष्म गोष्ट थंडींतील चिवटपणाची. जानेवारी १९४३ मध्यें अमेरिकेंत पोर्टलंडच्या धक्क्यास उभें असलेलें ‘शेनेक्टडी’ हें नवें तेलवाहू जहाज एका थंड रात्रीं जागच्या जागीं दुभंगलें. जोडकामांत दोष होतेच. पण थंडीनें ठिसूळ होणारें पोलादहि त्यास कारण झालें. म्हणून नांवाच्या शेवटच्या अक्षरांकडे अवश्य पाहावें. ‘एस २७५ जे२’ आणि ‘ई २५० सी’ यांची आघातपरीक्षा उणे २० अंशांवर होते. ‘ई २५० ए’ ला ती आवश्यक नाहीं, आणि ‘ए ३६’ लाहि मुद्दाम मागितल्यावांचून होत नाहीं.

तिसरा चकवा अक्षरांचा. आपल्या यंत्रशाळांत मागतात तें ‘ईएन ८’ हें जुन्या ब्रिटिश मानकांतील नांव आहे. आजच्या युरोपीय मानकांवरील ‘ईएन’ शीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

कोष्टक शोधास उपयोगी, निर्णयास नव्हे. घटकद्रव्यें, बळ, चिवटपणा आणि जाडी हीं चारहि दोन्ही मानकांत स्वतः ताडून पाहावीं, मालाबरोबरचें परीक्षणपत्र वाचावें, आणि मगच ‘चालेल’ म्हणावें.