उत्सवातील दुकान आणि एक पायरी

मुंबईतील सार्वजनिक उत्सव परवानग्यांच्या पायावर उभा राहतो. मंडप केवढा असावा, रस्ता किती मोकळा ठेवावा, आगीपासून संरक्षणाची व्यवस्था काय, खड्डा खणल्यास दंड किती, या साऱ्यांचा विचार महापालिका आणि पोलीस आधीच करतात व मंडळांकडून तसे लिहून घेतात. ते योग्यच आहे. परंतु उत्सवाच्या आजूबाजूला जी असंख्य दुकाने लागतात, त्यांच्यापर्यंत व्हीलचेअरवरचा माणूस पोहोचेल काय, अंध ग्राहकाला मालाचा भाव कळेल काय, हा प्रश्न त्या यादीत क्वचितच डोकावतो.

उत्सवात दर्शन महत्त्वाचे, दुकानाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण आपल्या उत्सवांचा इतिहास तसे सांगत नाही. लालबागच्या राजाचेच उदाहरण घ्या. १९३२ साली पेरू चाळीतील बाजार बंद झाला, तेव्हा उघड्यावर आलेल्या कोळी बांधवांनी व विक्रेत्यांनी बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ साली तेथे गणपती बसला. आज ज्याच्यापुढे मैलभर रांग लागते, त्या उत्सवाच्या मुळाशी ‘आम्हाला बसायला जागा द्या’ ही विक्रेत्यांची साधी मागणी होती. दुकान आणि उत्सव यांचे नाते इतके जुने आहे.

दादरच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला तर हे नाते अधिकच स्पष्ट होते. त्या दिवशी गावोगावहून आलेली माणसे शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी करतात. वर्षभर पैसा पैसा जमवून ग्रंथ विकत घेणारा असा वाचकवर्ग अन्यत्र क्वचितच आढळेल. आता त्याच दादरमध्ये अंध मुलींची कमला मेहता शाळा आहे. १९०० साली डॉ. अ‍ॅना मिलार्ड यांनी सुरू केलेली ही संस्था शतकाहून अधिक काळ मुलींना वाचायला शिकवीत आली. तिच्यातून शिकून गेलेली एखादी मुलगी या दुकानांशी आली, तर तिच्या बोटांना वाचता येईल असे एखादे पुस्तक तिथे असेल काय? निदान समोर कोणती पुस्तके मांडली आहेत आणि त्यांच्या किमती काय, हे तिला कोणी सांगेल काय?

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे तत्त्व जगापुढे मांडले, ते हेच की जे सार्वजनिक आहे ते सर्वांचे आहे. तेथे माणसांना पाण्यापासून उघडउघड मज्जाव होता. अपंगांना आज उत्सवात कोणी ‘येऊ नका’ असे म्हणत नाही. लाकडी फळ्यांचा सहा इंची चौथरा, दोन टेबलांमधली दीड फुटाची फट आणि वाटेत आडवा ताणलेला दोर या वस्तूच ते काम परस्पर करून टाकतात. दोन्ही गोष्टी एकच नव्हेत; परंतु बाहेर राहिलेल्या माणसाला मिळणारा अनुभव फारसा वेगळा नसतो.

कायदा या बाबतीत मुका नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सार्वजनिक सेवांची व्याख्या करताना त्याने खरेदी-विक्री, धर्म, संस्कृती व करमणूक यांचा एकत्रच उल्लेख केला आहे. उणीव होती ती नियमांत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती नेमकी दाखवून दिली. सुगम्यतेच्या नियमांत नुसत्या शिफारशी असून भागणार नाही, ज्या पाळल्याच पाहिजेत अशा किमान अटी हव्यात, असा त्या निकालाचा आशय आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो गंभीर आहे. चार दिवसांसाठी पदरचे किंवा उसने भांडवल घालून बसणारा विक्रेता या अटी कशा पाळणार? आणखी एक कागद, आणखी एक दंड, म्हणजे शेवटी पाटीवर खेळणी विकणारी बाई उठेल आणि मोठ्या कंपनीचा तंबू तेवढा राहील. ही भीती खोटी नाही. फेरीवाल्यांच्या बाबतीत नियम बहुधा त्यांना उठविण्यासाठीच वापरले जातात, असा त्यांचा अनुभव आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, अट जरूर असावी, पण तिचा भार ज्याच्या हातात जे आहे त्याच्यावरच पडावा. दुकानांच्या ओळी आखतो आयोजक किंवा महापालिका. तेव्हा दोन ओळींमध्ये व्हीलचेअर वळविण्यास लागणारी पाच फुटांची जागा आणि कोठेही तीन फुटांहून कमी नसलेली वाट ठेवणे हे काम त्यांचे. चौथरा बांधतो मंडप-कंत्राटदार. उताराचे प्रमाण बारास एक धरले तर सहा इंचांच्या चौथऱ्याला सहा फुटांचा उतार लागतो. त्यापेक्षा चौथराच न बांधणे स्वस्त! फळीचा एक भाग अडीच फूट उंचीवर ठोकायलाही त्याला वेगळा खर्च नाही. विक्रेत्याकडे उरते ते एवढेच: भाव ठळक अक्षरांत लिहिणे, विचारल्यास स्पष्ट सांगणे, वस्तू हातात घेऊन पाहू देणे आणि सोबत्याशी न बोलता खुद्द ग्राहकाशी बोलणे. यातील कशालाही भांडवल लागत नाही.

सोय करणे अशक्य आहे, असे तर मुळीच नाही. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या दिवशी मूर्तींच्या गाड्या वाळूत रुतू नयेत म्हणून महापालिका पोलादी पत्रे अंथरते. ट्रकच्या चाकांची काळजी वाहणाऱ्या शहराला व्हीलचेअरच्या चाकांची काळजी घेता येऊ नये काय?

शिवाय अपंग माणूस फळीच्या पलीकडेही असतो, हे आपण विसरतो. तो केवळ ग्राहक नाही, विक्रेताही आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीतील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींत अपंगांनाही स्थान द्यावयाचे आहे. पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारी पेटी आता हातगाडीवरही दिसते. अंध विक्रेत्याला ती मोठाच आधार आहे. पण व्यवसाय करायला त्याला आधी गाळा मिळाला पाहिजे, आणि तोही कोपऱ्यातला, पायऱ्यांवरचा नव्हे.

आपल्यापैकी अनेक विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेतून किंवा आपापल्या मंडळांतून स्वयंसेवक म्हणून उभे राहतात. त्यांना एकच सुचवावेसे वाटते. पुढच्या उत्सवात मंडपाचे बांबू उतरतील त्या दिवशीच मोजपट्टी घेऊन जा आणि वाट मोजा. दुकाने लागल्यावर केलेली तक्रार विक्रेत्याशी भांडण ठरते. बांबू रोवण्याआधी केलेली सूचना कंत्राटदार सहज मान्य करतो.