शेंडेफळाची किंमत

दहा भावंडांत शेंडेफळ असलं की चेंडू आपसूक वाट्याला येत नाही. थोरल्यांच्या अंगाशी झटून उपयोग नसतो. ते कुठे नाहीत ते हेरून आधीच तिथे जाऊन उभं राहावं लागतं. फ्लोरियन व्हिर्ट्झचा खेळ पाहताना मला नेहमी वाटतं, हा पोरगा हे घरीच शिकला असणार.

जन्म ३ मे २००३चा. गाव ब्राउवायलर, कोलोनच्या पश्चिमेला. वडील गावच्या क्लबचे अध्यक्ष. एक बहीण, युलियाने, तीही व्यावसायिक फुटबॉलपटू. सातव्या वर्षी तो कोलोनच्या क्लबात गेला, तिथल्या सतरा वर्षांखालच्या संघाबरोबर २०१९मध्ये जर्मन विजेता झाला आणि जानेवारी २०२०मध्ये ऱ्हाइन ओलांडून शेजारच्या लेव्हरकुसेनला आला. त्यावरून बरीच धुसफूस झाली. एकमेकांची पोरं पळवायची नाहीत, असा त्या भागातल्या क्लबांचा अलिखित समझोता होता. कोलोनवाल्यांचा राग समजू शकतो, पण पोराच्या दृष्टीने पाहिलं तर गाव, पहिला मोठा क्लब आणि दुसरा, सगळं तीस किलोमीटरच्या आत. घर तेच, जेवणाचं टेबल तेच आणि त्याचे करारमदार पाहणारे आईवडीलही तेच. पंधराव्या वर्षी परक्या देशातल्या अकादमीत पाठवलेली पोरं पाहिली की हे किती दुर्मीळ आहे ते कळतं.

लेव्हरकुसेनच्या पहिल्या संघात तो आला १८ मे २०२० रोजी, ब्रेमेनमध्ये, कोरोनामुळे रिकाम्या ठेवलेल्या स्टेडियममध्ये. वय सतरा वर्षं पंधरा दिवस. तीन आठवड्यांच्या आत बायर्न म्युनिकविरुद्ध, नॉयरसारख्या गोलरक्षकाला चकवून गोल. सामना हरले, पण बुंडेसलिगातला तोवरचा सर्वांत लहान गोलकर्ता तो ठरला. त्याच वर्षी लेव्हरकुसेनचा काय हावर्ट्झ चेल्सीला गेला आणि त्याची जागा रिकामी झाली.

मग १३ मार्च २०२२. समोर नेमका जुना कोलोन. डाव्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला, जवळजवळ दहा महिने खेळ बंद, कतारचा विश्वचषकही हुकला. मला या साऱ्या कारकिर्दीत सर्वांत बोलकी वाटते ती यानंतरची गोष्ट: तो मैदानाबाहेर बसलेला असतानाच लेव्हरकुसेनने त्याचा करार २०२७पर्यंत वाढवला. गुडघा पुन्हा तसाच चालेल याची हमी कोणीच देऊ शकत नव्हतं.

तो परतला तेव्हा प्रशिक्षक झाबी अलोन्सो येऊन काही महिने झाले होते. पुढचा २०२३-२४चा हंगाम सर्वांना माहीत आहे. कायम दुसरे येणारे म्हणून हिणवला गेलेला हा क्लब बुंडेसलिगातल्या ३४ पैकी २८ सामने जिंकला, सहा बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. १४ एप्रिलला विजेतेपद नक्की झालं त्या सामन्यात व्हिर्ट्झ बदली खेळाडू म्हणून मध्यंतरानंतर उतरला आणि त्याने तीन गोल केले. प्रतिस्पर्धी? पुन्हा ब्रेमेन.

पण त्याला गोलांवरून मोजणं मला पटत नाही. प्रतिस्पर्ध्याची मधली फळी आणि बचावफळी यांच्यामध्ये जी अरुंद पट्टी असते, तिथे तो अर्धवट वळून उभा राहतो. पास पायात येण्याआधीच मान वळवून मागे कोण आहे ते पाहून झालेलं असतं. पहिल्या स्पर्शातच तो वळतो, एक बचावपटू त्याच्याकडे ओढला जातो, आणि गोल होतो तो त्या बचावपटूने सोडलेल्या जागेतून, कित्येकदा तिसऱ्याच कोणाच्या पायाने. धावफलकावर याची नोंद कुठे होणार?

जून २०२५मध्ये बायर्नचा आग्रह बाजूला ठेवून तो लिव्हरपूलला गेला. दहा कोटी पौंड, शिवाय कामगिरीवर ठरणारे १ कोटी ६० लाख. एवढी रक्कम कपाळावर चिकटली की पब्लिक खेळ पाहत नाही, वसुली पाहते. लीगमध्ये गोल शून्य, साहाय्य शून्य, असा जप महिनोन्महिने चालला. ऑक्टोबरात चॅम्पियन्स लीगमध्ये फ्रँकफर्टला, म्हणजे मायदेशात, त्याने दोन गोलांना हातभार लावला, त्याचंही कौतुक एका रात्रीपुरतंच. इंग्लंडमध्ये बचावपटू धक्के देतात आणि पंच शिट्टी वाजवत नाहीत. शरीराने सडपातळ असलेल्या मुलाला हे अंगवळणी पडायला वेळ लागणारच. प्रीमियर लीगमधला त्याचा पहिला गोल २७ डिसेंबरला, वुल्व्हजविरुद्ध झाला. समालोचकांचा सुस्कारा टीव्हीतूनही ऐकू आला असता.

गंमत म्हणजे त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलने इसाक या आघाडीपटूसाठी याहूनही जास्त पैसे मोजले, म्हणजे सर्वांत महागड्याचा शिक्काही त्याच्यापाशी दोनेक महिनेच टिकला. त्याचा करार पाच वर्षांचा, २०३०पर्यंतचा आहे. पहिल्या सहा महिन्यांत हिशेब मागायला बसलेल्यांनी निदान ते वर्ष तरी वाचायला हवं होतं.