चौपाटीचे भाषण आणि चिमणीतले रॉकेल



सभा आटोपली की एक शहाणे गृहस्थ आम्हाला हमखास गाठतात. इस्त्रीचे कपडे, काखेत वर्तमानपत्र. खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "अरे, भाषा, सीमा, राज्य ही सगळी भरल्या पोटाची खेळणी. तुम्ही कामगार माणसं. तुम्ही पगार बघा, भत्ता बघा, नि गप घरी जा." उत्तम सल्ला! पण महाशय, त्या पगाराला हात कुणी घातला होता, ते आठवतंय का? आठवत नसेल तर ऐका.

20 नोव्हेंबर 1955. मुंबईची चौपाटी. व्यासपीठावर मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे पुढारी स. का. पाटील. पाटील (हे पुन्हा मराठीच बरं का!) गरजले, की पाच हजार वर्षे गेली तरी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. मोरारजींनी वर शिक्का मारला, की काँग्रेस जिवंत आहे तोवर मिळणार नाही. लोकांनी ती सभा उधळून दिली. दुसऱ्याच दिवशी विधानसभेवर निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळ्या झाडल्या गेल्या. 1956 च्या जानेवारीत पुन्हा झाडल्या गेल्या. हुतात्मा चौकात नावे कोरलेली आहेत. त्यांत गिरणीतले आणि रोजमजुरीचे किती आहेत ते एकदा जाऊन विचारा. भरल्या पोटाची माणसे छातीवर गोळी झेलायला जात नसतात!

आणि त्या भाषणामागचा हिशेब काय होता? मुंबई ज्यांनी पैसा ओतून उभारली त्यांची. म्हणजे साच्याला भांडवल लावणारा तो धनी, आणि साच्यावर आठ तास उभा राहणारा तो भाडोत्री! याला भाषेचा वाद म्हणायचे की पोटाचा, ते शहाण्यांनी ठरवावे.

1956 च्या जुलैत याच मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी देशाचे अर्थमंत्रिपद सोडले. पुढे 1958 मध्ये तिजोरीची ती किल्ली गेली कुणाच्या हाती? मोरारजींच्याच. चौपाटीवर बोलणाऱ्या तोंडाचे हात आता खिशापर्यंत पोहोचले.

1962 च्या ऑक्टोबरात चीनने स्वारी केली. स्वारी खोटी नव्हती, संरक्षणाला पैसा लागणार हेही खोटे नव्हते. त्या वेळी गरिबाने हात आखडता घेतला नाही. बायकांनी अंगावरचे सोने काढून दिले. पण 28 फेब्रुवारी 1963 ला मोरारजींनी अर्थसंकल्प मांडला तेव्हा संरक्षणाच्या 867 कोटींसाठी नजर गेली कुठे? रॉकेलवर! रॉकेल कोण जाळत होता हो? बंगल्यात दिवे होते विजेचे. चिमणी मिणमिणत होती ती चाळीत आणि झोपडीत.

शिवाय सक्तीची बचत. वर्षाला 1500 रुपयांच्या वर, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या वर पगार असेल, तर शेकडा 3 रुपये सरकारकडे पाच वर्षे ठेवायचे. व्याज शेकडा 4. वा रे बचत! ज्याचा महिना वाण्याच्या उधारीवर निघतो त्याने सावकाराकडून चढ्या व्याजाने काढायचे आणि सरकारकडे चार टक्क्यांनी ठेवायचे! त्याच जानेवारीत फर्मान निघाले होते, की 14 कॅरटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. पेठापेठांतले सोनार भट्टी विझवून बसले.

कंपन्यांच्या जादा नफ्यावरही तेव्हा कर बसला होता, हे आम्ही झाकून ठेवत नाही. पण पुढच्याच वर्षी तो मोडून दुसरा आणला गेला. थैलीवाला नुसता खाकरला तरी दिल्लीला ऐकू जाते. आपल्याला मात्र रस्त्यावर यावे लागते. लोक ओरडले म्हणूनच तर ती सक्तीची बचत वर्षभरसुद्धा धड टिकली नाही. ऑगस्टमध्ये कामराज योजनेखाली मोरारजी मंत्रिमंडळाबाहेर गेले आणि नव्या अर्थमंत्र्यांनी प्राप्तिकर न भरणाऱ्यांच्या मानेवरचे ते जोखड काढले.

आता कुणी म्हणेल, सोलापुरात निम्मी वस्ती तेलुगू-कानडी बोलते, तिला मराठी राज्याचे काय? अहो, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन एकाच दिवशी फासावर गेले. कुणाची घरातली बोली कोणती, हे सोलापूरने तेव्हा विचारले नाही, आज विचारणार नाही. आमचे मागणे एवढेच, की आमच्या घामाचा हिशेब आम्हाला वाचता येईल अशा भाषेत आणि जाब विचारता येईल अशा अंतरावर मांडा.

ते अंतर काही कमी झालेले नाही. जुनी गिरणी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजीचा भोंगा थांबला. उरले टॉवेल-चादरीचे यंत्रमाग आणि घरोघरची विडीची सुपं. 2017 च्या जुलैत जीएसटी आला तो विडीवर 28 टक्के घेऊन. 17 सप्टेंबर 2021 ला लखनौत बैठक बसली आणि कापडावरचा कर 5 वरून 12 टक्के करायचे ठरले, 1 जानेवारी 2022 पासून. लखनौत ठरवायचे नि माग थांबायचा सोलापुरात! देशभर विणकर, व्यापारी, राज्य सरकारे बोंबलली, तेव्हा कुठे 31 डिसेंबरला, एक दिवस आधी, ती वाढ थांबवण्यात आली. आणि अधिसूचना निघतात त्या इंग्रजी-हिंदीत. आमची विडी वळणारी माउली त्या कुणाकडून वाचून घेणार?

पुढारी होम मैदानावर येतील, भाषण करतील. टाळ्या वाजवायच्या तर वाजवा. पण खाली उतरले की वाट अडवून विचारा: साहेब, टॉवेलवर किती, विडीवर किती, आणि त्यातले महाराष्ट्राच्या पदरात किती? तेलुगूत विचारा, कानडीत विचारा, उर्दूत विचारा, उत्तर मराठीत घ्या. आणि जाताना त्या इस्त्रीच्या कपड्यांतल्या गृहस्थांनाही हाताला धरून बरोबर न्या.