क्लब घसरला म्हणून मेला नाही

परवा बसस्टँडजवळ चहा घेत उभा होतो. शेजारी अकरावी-बारावीतलं एक पोरगं होतं. अंगात मेस्सीचा दहा नंबरचा टी-शर्ट. सहज विचारलं, "कोणत्या क्लबचा फॅन रे भो?" त्यानं आधी बार्सिलोना सांगितलं, मग मायामी. खेळाडू क्लब बदलतो तसा हाही बदलतो. म्हटलं, "बरं, आणि आपला क्लब कोणता?"

"आपला म्हंजे काका?"

आपला म्हणजे वरणगावचा, भुसावळचा, गेलाबाजार महाराष्ट्राचा. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "मुंबई सिटी आहे ना." त्यांचा एखादा सामना बघितला का, तर नाही. मुंबई एफसी नावाचा क्लब माहीत आहे का, तर "तेच ना ते?"

नाही, ते वेगळं. आणि तीच गोष्ट आज सांगायची आहे. जरा लांब आहे, पण वाचा. शेवटी आपल्या गावापर्यंत येते.

मुंबई एफसी हा क्लब २००७ साली निघाला. दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून २००८ मध्ये तो आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आला. मालक एस्सेल समूह. मैदान कूपरेज. २००९ पासून प्रशिक्षक होते खालिद जमील, जे याच क्लबसाठी खेळलेही होते. मुंबईत खालिद यांच्या संघानं कधी आय-लीगचं विजेतेपद मिळवलं नाही. खेळ बचावात्मक आहे, कंटाळवाणा आहे, अशी टीकाही झाली. पण कमी पैशात, मोठी नावं नसताना, त्यांनी क्लबला दरवर्षी वरच्या लीगमध्ये टिकवून ठेवलं. संसार चालवणाऱ्या बाईसारखं. घरात तिचं कौतुक कुणी करत नाही, पण ती माहेरी गेली की दोन दिवसांत कळतं.

२०१६ मध्ये क्लबनं खालिद यांना नारळ दिला.

त्याच वर्षी तिकडे मिझोराममध्ये ऐझॉल एफसी हा क्लब आय-लीगमधून खाली घसरला होता. नऊ संघांत आठवा आला. गंमत बघा, नववा आलेला पुण्याचा डीएसके शिवाजियन्स वाचला, कारण तो पैसे भरून थेट प्रवेश घेतलेला 'कॉर्पोरेट' संघ होता आणि त्याला घसरणीतून सूट होती. म्हणजे शेवटचा पास आणि त्याच्या वरचा नापास. पुढे गोव्याच्या क्लबांनी महासंघाच्या धोरणाचा निषेध म्हणून लीग सोडली, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावलं गेलं. त्यांनी प्रशिक्षक कुणाला नेमलं? मुंबईनं सोडलेल्या खालिद जमील यांना. सोबत जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबई एफसीकडून खेळलेले खेळाडूही गेले.

आता २०१६–१७ चा मोसम. दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. मुंबई एफसीनं संतोष कश्यप यांना प्रशिक्षक केलं. संघ घसरायला लागल्यावर मोसमाच्या मध्येच त्यांना बदलून स्पेनचे ऑस्कर ब्रुझॉन आणले. उपयोग झाला नाही. गोल होत नव्हते, विजय मिळत नव्हते. शेवटी मुंबई एफसी दहाव्या, म्हणजे तळाच्या जागेवर राहिला आणि लीगमधून खाली गेला.

आणि त्याच तक्त्यात सगळ्यात वर कोण होतं? ऐझॉल. मोहन बागानचे ३६ गुण, ऐझॉलचे ३७. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजाँगशी १–१ बरोबरी करून त्यांनी आय-लीग जिंकली. मुंबईनं नको म्हटलेला माणूस एका टोकाला आणि मुंबई दुसऱ्या टोकाला. कथेत लिहिलं असतं तर संपादकानं "फार जुळवून आणलंय" म्हणून परत पाठवलं असतं. तेच खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

इथपर्यंत ही खेळातली गोष्ट आहे. प्रशिक्षक चुकीचा सोडला, मोसम वाईट गेला, क्लब घसरला. असं जगभर दरवर्षी होतं. माझा मुद्दा इथून पुढे सुरू होतो.

घसरलेला क्लब पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत खेळतो. पोरं तीच, मैदान तेच, गर्दी जरा कमी. गोव्याचा डेम्पो बघा. पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला क्लब २०१५ मध्ये घसरला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून त्यानं वर यायचा हक्क मिळवला. मग निषेध म्हणून लीग सोडली, गोव्यात खेळत राहिला आणि २०२४–२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. पडला, उठला, रुसला, परत आला. पण क्लब होता म्हणून परत आला.

मुंबई एफसी परत आला नाही. २०१७ मध्ये घसरला आणि मालकांनी क्लबच बंद केला. दहा वर्षांचा संसार एका निर्णयात आटोपला. चाहत्यांना विचारायचं काही कारणच नव्हतं, कारण कागदावर चाहते कुणीच नव्हते.

आणि हा एकटाच नाही. आपल्या राज्याची यादी वाचा. महिंद्रा युनायटेड, २००५–०६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० मध्ये बंद. पुणे एफसी, एकदा आय-लीगचा उपविजेता झालेला क्लब, २०१५ मध्ये आटोपला. भारत एफसी, एकच मोसम खेळून त्याच वर्षी बंद. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघानं घेतली. यातले बहुतेक घसरून गेले नाहीत. मालकाचा हिशोब बसला नाही, म्हणून गेले. म्हणून म्हणतो, आपल्याकडे क्लब पराभवानं मरत नाहीत.

मालकांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यावर एकतर्फी लिहिल्याचा आरोप होतो. आय-लीगमध्ये टीव्हीचा पैसा नगण्य होता. मुंबईहून संघ ऐझॉल, शिलाँगला न्यायचा खर्च मोठा. त्यात २०१४ पासून इंडियन सुपर लीग आली. सिनेमातले तारे, दिवे, जाहिराती तिकडे. एकाच शहरात दोन संघ, एक झगमगाटातला आणि एक कूपरेजवरचा. आय-लीगला दुय्यम दर्जा मिळणार हे दिसत असताना कोण किती वर्षं पैसा ओतणार? व्यापारी म्हणून त्यांचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. चूक अशी की क्लब फक्त व्यापाऱ्याच्याच हातात होता.

सुपर लीगमध्ये तर घसरणीची भीतीच ठेवली नव्हती. शेवटचा आला तरी पुढच्या वर्षी परत त्याच रांगेत. गुंतवणूकदार घाबरू नयेत म्हणून. पण झालं काय? जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचं पुढे काय, या प्रश्नावर पुढचा मोसमच थांबवला गेला. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला, लोकांनी हजारो रुपये मोजून त्याला हात हलवताना बघितलं, आणि त्या दिवशी देशातली सगळ्यात मोठी फुटबॉल लीग बंद होती. घसरण टाळली, पण सगळी इमारतच डगमगली.

आता आपल्याकडे येतो.

"फुटबॉल आपल्या मातीतला खेळ नाही" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. कोल्हापूरला जाऊन म्हणून दाखवा. तिथं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ आहेत. तालीम पेठेची, म्हणून संघ पेठेचा. हरला तर पेठ रुसते, पण संघ विकत नाही. त्याच कोल्हापुरातला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

लोकसंख्येचं कारण असेल तर तेही बघू. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या साधारण ११ लाख. आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्याची ४२ लाख. ऐझॉल शहर तीन लाखांच्या आत, जळगाव शहर साडेचार लाखांवर. आणि पैशाचं म्हणाल तर त्या विजेत्या मोसमात ऐझॉलचं बजेट दोन कोटींच्या आसपास असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. एवढा पैसा आपल्याकडे एका निवडणुकीच्या हंगामात कुठं जातो ते मी सांगायला नको.

मी लहान असताना फॅक्टरीच्या वसाहतीत संध्याकाळी फुटबॉल चालायचा. बंगालकडचे, केरळकडचे कामगार खेळायचे, आम्ही गावातली पोरं कडेला उभं राहून बाहेर आलेला बॉल आणून द्यायचो. तेवढ्यावर आम्हाला वाटायचं की आपण संघात आहोत. पुढे गावात एक टीम निघाली. एका पुढाऱ्यानं कपडे दिले, बूट दिले, छातीवर त्याचा फोटो. दोन वर्षं जोरात. निवडणूक झाली, निकाल मनासारखा लागला नाही, आणि बॉल यायचे बंद झाले. नाव घेत नाही, त्यात आता अर्थ नाही. दोष त्याचा एकट्याचा नव्हताच. आमच्यातल्या एकानंही म्हटलं नाही की चला, महिन्याला दहा-दहा रुपये काढू. मुंबई एफसीचं जे झालं तेच आमचं झालं, फक्त आमची बातमी आली नाही.

आणि बातमी कशाची येते? १५ सप्टेंबर २०१७ आठवतो? राज्य सरकारचा 'मिशन वन मिलियन'. शाळाशाळांत फुटबॉल वाटले, लाखो पोरं एकाच दिवशी खेळली. मीही फोटोसह बातमी केली होती. नंतर त्या बॉलचं काय झालं याची बातमी मी केली नाही, ही माझी चूक. आता १३ वर्षांखालील मुलामुलींसाठी सरकारनं पुन्हा नवी योजना आणली आहे. चांगलंच आहे. पण निवड झालेली पोरं पुढे जातील, न झालेली हजारो घरी येतील. ती रविवारी कुठं खेळणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सुपर लीग आणि महासंघ त्यांचं बघून घेतील. आपण तालुक्याची लीग काढू. वरणगाव, भुसावळ, यावल, फैजपूर, सावदा, रावेर, बोदवड, मुक्ताईनगर. प्रत्येक गावाचा एक नोंदणीकृत क्लब. वर्षाला शंभर रुपये वर्गणी भरेल तो सभासद, एका सभासदाला एक मत, आणि वर्षाचा हिशोब मैदानावर फळ्यावर लावायचा. देणगी कुणाचीही घ्या, पण छातीवर गावाचं नाव. दोन गट करा. खालच्या गटातला पहिला वर जाईल, वरच्या गटातला शेवटचा खाली येईल. सूट कुणालाच नाही, देणगीदारालाही नाही.

नगरपरिषदेकडून एवढंच हवं की एक मैदान सभामंडपांपासून आणि पार्किंगपासून मोकळं ठेवा. बाकी आपण करू.

वरणगाव पहिल्याच वर्षी खालच्या गटात घसरलं तरी चालेल. त्या दिवशी सगळ्यात आधी मी बातमी करीन, हेडिंगसकट. पण पुढच्या वर्षी जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यावर, तीच पोरं त्याच मैदानावर परत सरावाला आली पाहिजेत.

चहाच्या गाडीवरच्या त्या पोराला मी हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, शंभर रुपये कुणाकडे द्यायचे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा. पहिले शंभर माझे.