उघड्या डोंगरांसाठी एक दिवस

आमचे एक स्नेही सांगलीस हळदीची अडत चालवितात. थोरला मुलगा मेलबर्नला स्थायिक झालेला. यंदा दिवाळीचे वहीपूजन आटोपले की पेढी धाकट्याच्या स्वाधीन करावयाची, बारा दिवस सहकुटुंब तिकडे जावयाचे आणि त्यांतील सहा दिवस टास्मानिया बेटावर काढावयाचे, असा त्यांचा बेत ठरला आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही उभयता तो प्रदेश पाहून आलो होतो, म्हणून त्यांनी प्रवासाचा आराखडा माझ्याकडे तपासावयास धाडला. इतरांचे आराखडे तपासण्यातच माझी बँकेतील छत्तीस वर्षे गेली. निवृत्तीनंतरही ते काम सुटलेले नाही असे दिसते.

आराखडा नेटका होता. होबार्टला विमानाने उतरणे, तेथून मोटारीने पश्चिम किनारा, मग उत्तरेस क्रेडल पर्वत आणि परत. केवळ क्वीन्सटाउन या गावासमोर ‘पेट्रोल, चहा – अर्धा तास’ एवढीच नोंद होती. मी फोन करून कारण विचारले, तर म्हणाले, “साहेब, तिथं बघण्यासारखं काय आहे? मुलगा सांगतो, नुसते बोडके डोंगर. ते बघायला जतला गेलं तरी चालेल की!”

त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु जतचे माळ उघडे आहेत ते पावसाअभावी. क्वीन्सटाउनला वर्षाकाठी सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत नव्हे तर बाराही महिने. आसपासच्या दऱ्यांत इतके निबिड अरण्य आहे की १९३२ साली होबार्टकडून सडक येईपर्यंत गावाचा जगाशी संबंध मुख्यत्वे रेल्वेने आणि बंदरानेच होता. अशा ओल्या मुलखाच्या मधोमध करड्या, गुलाबी, पिवळसर रंगाचे निर्वस्त्र डोंगर उभे असतील, तर ते तसे का झाले, हा प्रश्न हिशेब ठेवणाऱ्या माणसाला पडलाच पाहिजे.

हकिकत १८८३ पासून सुरू होते. सोने शोधीत फिरणाऱ्या तिघांना लायल पर्वताजवळ लोहमिश्रित खडकाचा एक उंचवटा सापडला. त्याला ‘आयर्न ब्लो’ म्हणतात. आरंभीची काही वर्षे सारे लक्ष सोन्यावर होते. खरी संपत्ती तांब्यात आहे, हे पुढे उमगले आणि १८९३ मध्ये माउंट लायल मायनिंग अँड रेल्वे कंपनी स्थापन झाली. कंपनीच्या नावातच रेल्वे आहे, कारण माल बंदरापर्यंत नेता आला नाही तर त्याची किंमत शून्य, हे चालकांनी ओळखले होते. क्वीन्सटाउन ते स्ट्राहान हे अंतर लोहमार्गाने सुमारे ३५ किलोमीटर. वाटेतला चढ इतका तीव्र की दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवून, इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकवून गाडी वर खेचावी लागे.

व्यापारी वाचकांना याच डोंगरातील दुसरी एक कथा आवडेल. जेम्स क्रॉटी हा आयर्न ब्लोच्या जुन्या भागीदारांपैकी एक. नव्या चालकांशी त्याचे बिनसले आणि त्याच्या पुढाकाराने शेजारीच नॉर्थ माउंट लायल ही प्रतिस्पर्धी कंपनी उभी राहिली. तिच्या वाट्याला आलेले खनिज अधिक कसदार होते. मात्र तिने स्वतःची वेगळी रेल्वे बांधली, वेगळे बंदर बांधले, वेगळ्या भट्ट्या उभारल्या. आणि त्या भट्ट्या काही नीट चालल्या नाहीत. १९०३ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. पिलिंजर नावाचे ते नवे बंदर ओस पडले. आज तेथे विटांच्या भट्ट्यांचे अवशेष आणि त्यांवर वाढलेले जंगल आहे. भाऊबंदकीत दोन दुकाने, दोन गोदामे आणि दोन वेगळे मुनीम ठेवणाऱ्यांची उदाहरणे आपल्या बाजारपेठेतही कमी नाहीत.

आता डोंगरांकडे वळू. कंपनीचा धातुतज्ज्ञ रॉबर्ट स्टिख्ट हा असामान्य बुद्धीचा मनुष्य. तेथील खनिजात गंधक विपुल होते. त्याच गंधकाच्या ज्वलनाने भट्टी तापवावयाची आणि बाहेरून आणाव्या लागणाऱ्या महागड्या कोकची बचत करावयाची, ही पद्धत त्याने यशस्वी करून दाखविली. ताळेबंदाच्या दृष्टीने याहून चोख काम नाही. परंतु जळालेल्या गंधकाचा धूर दरीत कोंडून राही. इंधनासाठी व खाणीतील टेकूंसाठी झाडे आधीच तोडली जात होती. उरलीसुरली धुराने मेली, वणव्यांत जळाली, आणि मग त्या अखंड पावसाने माती धुऊन नेली. खाली राहिला खडक. १९२२ च्या सुमारास ती पद्धत बंद झाली. त्यानंतर हळूहळू पुन्हा हिरवळ धरू लागली आहे. गंमत अशी की गावातील काहींना ती नको आहे. उघडे डोंगर हीच आपली ओळख, असे त्यांस वाटते. त्यांच्या फुटबॉलच्या मैदानावरही गवत नाही, खडी आहे, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

नदीची नोंद याहून मोठी आहे. खनिज दळून तांबे काढल्यावर उरणारा गाळ क्वीन नदीत सोडला जाई, तेथून तो किंग नदीत आणि पुढे मॅक्वारी हार्बर या विस्तीर्ण खाडीत जाई. १९९४ पर्यंत अशा प्रकारे सुमारे दहा कोटी टन गाळ वाहून गेला. किंग नदीच्या मुखाशी त्याचा त्रिभुज प्रदेश झाला आहे. आगगाडी या नदीच्या काठाकाठाने जाते, तेव्हा एका खिडकीतून उत्कृष्ट अरण्य दिसते आणि त्याच खिडकीतून खाली तांबूस पाणी दिसते.

माणसांचीही नोंद आहे. १२ ऑक्टोबर १९१२ रोजी नॉर्थ लायल खाणीत आग लागून ४२ कामगार मृत्युमुखी पडले. अडकलेल्यांना काढण्यासाठी श्वसनयंत्रे व्हिक्टोरियातून समुद्रमार्गे आणावी लागली.

या खाणीचा आपल्याशी एक संबंध आहे, तो तेथे गेल्यावर मला समजला. १९९९ मध्ये ती भारतातील स्टरलाइट कंपनीने घेतली आणि तेथील तांब्याचा कच्चा माल तमिळनाडूतील तूतिकोरिनच्या भट्टीकडे येऊ लागला. हीच भट्टी आधी आपल्या रत्नागिरीस व्हावयाची होती. शेतकऱ्यांच्या विरोधामुळे ती तेथे झाली नाही. अपघातांत तीन कामगार दगावल्यानंतर २०१४ मध्ये खाणीतील उत्पादन थांबले.

आयर्न ब्लोच्या सज्जावर उभा राहून खालच्या हिरव्यानिळ्या पाण्याने भरलेल्या खड्ड्याकडे पाहताना मला माझीच एक फाइल आठवली. एका शाखेत असताना कापड रंगविणाऱ्या कारखान्याच्या कर्जाची शिफारस मी केली होती. हप्ते तारखेच्या आधी जमा होत, आणि त्या खात्याबद्दल शाखेचे कौतुकही झाले. एके दिवशी एक वृद्ध शेतकरी आपल्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून घेऊन आला आणि बाटली माझ्या टेबलावर ठेवून उभा राहिला. पाणी जांभळट होते. हा विषय आमच्या कक्षेत येत नाही, असे मी त्याला सभ्य शब्दांत सांगितले. ते खरेही होते. आमच्या अर्जात तसा रकानाच नव्हता.

असो. स्नेह्यांच्या आराखड्यात ज्या दुरुस्त्या सुचविल्या, त्या इतरांनाही उपयोगी पडतील. होबार्ट ते क्वीन्सटाउन सुमारे २६० किलोमीटर असले तरी रस्ता वळणावळणाचा आहे. पूर्ण दिवस धरावा. सूर्यास्तानंतर मोटार मुळीच हाकू नये. वॉलबी, वॉम्बॅट यांसारखे प्राणी संधिप्रकाशात रस्त्यावर येतात आणि चाकाखाली सापडतात. सकाळी रस्त्याकडेला पडलेली त्यांची कलेवरे पाहवत नाहीत. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांना दिवाळीनंतरचा काळ सोयीचा, कारण तेव्हा दिवस आठाच्या सुमारास मावळतो. मे महिन्याच्या सुटीत गेलात तर पाचलाच अंधार, म्हणजे दुपारचे व रात्रीचे जेवण जवळजवळ एकच.

कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी वाटेतील उपाहारगृहांवर विसंबू नये; बटाटा आणि कांदा तेथे सर्वव्यापी आहेत. स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी आणि किराणा होबार्टलाच भरावा. घरून पेढे-बर्फी वा अख्खी कच्ची कडधान्ये नेऊ नयेत. जे नेाल ते ऑस्ट्रेलियात उतरताना अर्जावर प्रामाणिकपणे लिहावे. दंड जबर आहे. टास्मानियाचे नियम याहून कडक असून मेलबर्नमधून घेतलेले सफरचंदसुद्धा आत नेता येत नाही. पावसाळी अंगरखा कोणत्याही ऋतूत हवाच.

आगगाडी १९६३ साली बंद पडली होती, ती २००२ मध्ये प्रवाशांसाठी पुन्हा सुरू झाली. ती रोज सुटत नाही, म्हणून आधी तिच्या तारखा पाहाव्या आणि मग मुक्काम ठरवावे. स्ट्राहानहून गॉर्डन नदीत जाणारी बोट चुकवू नये. १९८२-८३ मध्ये फ्रँकलिन नदीवरील धरण रोखण्यासाठी लोक याच गावातून अरण्यात गेले होते आणि ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने चार विरुद्ध तीन मतांनी ते धरण थांबविले. किंग आणि गॉर्डन, दोन्ही नद्या एकाच खाडीस मिळतात. एकाच मुक्कामात दोन्ही पाहता येतात.

परवा स्नेह्यांचा फोन आला. सूनबाईंनी सगळे वाचून दाखविले म्हणाले. मग थोडे थांबून विचारले, “साहेब, त्या बाटलीवाल्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं?”

मी म्हटले, मला ठाऊक नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

त्यांनी आराखडा बदलला आहे. क्वीन्सटाउन, दोन रात्री.