संस्थेची किल्ली कोणाच्या हाती?

एकेकाळी शाळेचा सारा कारभार एका लोखंडी कपाटात मावत असे. जनरल रजिस्टर, हजेरीपट, सेवापुस्तिका, शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाची साठा नोंदवही या सर्वांची जागा ठरलेली असे. मुख्याध्यापक बदलले की कार्यभाराच्या यादीवर दोघांच्या सह्या होत आणि किल्ली नव्या हाती जाई. ते कपाट आता संगणकाच्या पडद्यावर गेले आहे. परंतु त्याच्या किल्लीची यादी फारच थोड्या संस्थांनी केली आहे. आपले विद्यालय शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्यासाठी एकत्रित संगणकीय कार्यप्रणाली स्वीकारण्याच्या तयारीत आहे. अशा वेळी पहिले खाते उघडण्यापूर्वीच या प्रश्नाचा निर्णय व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न कसा निर्माण झाला, हे पाहण्यास फार मागे जावे लागत नाही. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनाने गुगलशी सहकार्य करून शाळांसाठी गुगल क्लासरूमसारखी साधने खुली केली. पण त्याआधीच असंख्य शिक्षकांनी स्वतःचा मोबाईल आणि स्वतःचे जीमेल खाते वापरून वर्ग सुरू केले होते. ती कर्तव्यनिष्ठाच होती. अडचण अशी की, संकटकाळची ती सोय पुढे कायमची व्यवस्था होऊन बसली. आज कित्येक शाळांत शासकीय पोर्टलचा ओटीपी निवृत्त झालेल्या गुरुजींच्या मोबाईलवर जातो. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली की लिपिक त्यांना फोन लावत बसतात. गुणपत्रके, छायाचित्रे, ठरावांचे मसुदे बदली होऊन गेलेल्या एखाद्याच्या खासगी खात्यात पडून राहतात. कोणाचाही हेतू वाईट नसतो, तरी संस्थेची स्मृती हातची निसटते.

हेतूच वाईट असेल तर काय होते, याचेही उदाहरण ताजे आहे. २०२५ साली नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीस आले. नियमबाह्य नियुक्त्यांच्या नावे आयडी तयार करून शासनाच्या तिजोरीतून वेतन काढल्याचे आरोप झाले, शिक्षण विभागातील अधिकाऱ्यांना अटक झाली आणि तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले. न्यायालयीन निर्णय काय लागायचा तो लागेल. आपण घ्यायचा बोध इतकाच की, लॉगिन ही सही आहे. कोऱ्या धनादेशावर सही करून तो टेबलावर ठेवण्याइतकेच सामायिक पासवर्ड भिंतीवर चिकटवून ठेवणे घातक आहे.

इचलकरंजी हे सहकाराचे गाव आहे. येथील लहानशा पतसंस्थेतही एकाच माणसाच्या सहीवर मोठी रक्कम निघत नाही. तोच शहाणपणा येथे लागू करावा. प्रथम, संस्थेचे इंटरनेटवरील नाव, म्हणजे डोमेन, संस्थेच्या नावे नोंदवावे. त्याच्या नूतनीकरणाची तारीख कार्यालयीन दिनदर्शिकेत असावी. ते नाव गेले तर त्यावरील प्रत्येक ईमेल बंद पडतो. दुसरे, सर्वाधिकार असलेली, ज्यांना सुपर ॲडमिन म्हणतात अशी खाती किमान दोन असावीत, ती दोन वेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे असावीत आणि रोजच्या कामासाठी कधीही वापरू नयेत. त्यांचे आपत्कालीन संकेतांक छापून, मोहोरबंद पाकिटात, तिजोरीत ठेवावेत. तिसरे, मुख्याध्यापक, लिपिक, वसतिगृह अधीक्षक, ग्रंथपाल यांचे कार्यालयीन ईमेल पत्ते पदाच्या नावाने असावेत. माणूस बदलला तरी पत्ता तोच राहील. मात्र त्या पत्त्यामागे कोण काम करते, हे प्रत्येकाच्या स्वतंत्र प्रवेशामुळे नोंदले जावे. चौथे, कोणी संस्था सोडली तर प्रथम त्याच्याकडील कागदपत्रांची मालकी हस्तांतरित करावी आणि मगच खाते बंद करावे. गुगलच्या प्रणालीत काढून टाकलेले खाते केवळ २० दिवसांच्या आत परत आणता येते. त्यानंतरचा पश्चात्ताप व्यर्थ.

याहून महत्त्वाचा प्रश्न आहे, कोणाला काय दिसावे? आपल्या निवासी विद्यालयात मुलाचे जवळजवळ सारे आयुष्य नोंदवलेले असते : जात, पालकांचे उत्पन्न, बँक खाते, आजारपण, घरची परिस्थिती. जातीची नोंद शिष्यवृत्तीसाठी आवश्यक आहे. पण सहलीची यादी करणाऱ्याला किंवा हजेरी घेणाऱ्याला तो रकाना दिसण्याचे कारण काय? एक तक्ता सर्वांना खुला करणे सोपे असते, म्हणून तो खुला केला जातो. आणि ज्या ओळखीपायी आपल्या वाडवडिलांना वर्गाबाहेर बसवले गेले, ती ओळख गरज नसताना पुन्हा पडद्यावर झळकते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ याने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून त्याच्या माहितीसाठी विशेष संरक्षण सांगितले आहे. नियमांत शिक्षणसंस्थांना काही मर्यादित सवलत असली, तरी नैतिक जबाबदारीला सवलत नसते.

हे विचार आपल्या परंपरेला नवे नाहीत. विनयपिटकात विहार, मंचक, धातूची भांडी अशा संघाच्या वस्तू कोणा एकाला देऊन टाकता येत नाहीत, असा दंडक आहे. कोठाराची जबाबदारी सांभाळणारा भांडागारिक संघासमोर रीतसर प्रस्ताव मांडून नेमला जाई. तो छंद, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा, आणि काय सुरक्षित आहे व काय नाही हे त्याला माहीत असावे, अशी अपेक्षा असे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खू संघांच्या याच ठराव, गणसंख्या व मतमोजणीच्या पद्धतीकडे लक्ष वेधले होते. संगणकाच्या किल्लीचा निर्णयही असाच, ठरावाने व्हावा.

काही सहकारी म्हणतात, "आपली माणसे विश्वासाची आहेत, एवढे नियम कशाला?" विश्वास आहेच. पण नियमाचा पहिला लाभ प्रामाणिक माणसालाच होतो. उद्या काही चुकले, तर ज्याच्याकडे एकट्याने सर्व किल्ल्या होत्या त्याच्यावर प्रथम बोट उठते. दुसरा आक्षेप वेळेचा. आपल्या गावातील कोणताही यंत्रमागधारक सांगेल की सायझिंगमधला दोष मागावर दुरुस्त होत नाही. तेथे फक्त धागे तुटत राहतात. आठ दिवस नियोजनाला दिले, तर पुढची आठ वर्षे वाचतील.

माजी विद्यार्थ्यांना येथे विशेष विनंती आहे. तुमच्यापैकी अनेक जण पुण्या-मुंबईत, बंगळुरात संगणक क्षेत्रात आहेत आणि ही व्यवस्था उभारून देण्यास उत्सुक आहेत. जरूर या. उभारणी करा, कर्मचाऱ्यांना शिकवा, साध्या मराठीत चार पानांची पुस्तिका लिहून द्या. आणि काम संपले की स्वतःचा प्रवेश स्वतःच्या हाताने काढून घ्या. तुमच्यावाचून अडणारी व्यवस्था, मग ती कितीही उत्तम असो, संस्थेला परावलंबीच करील. पालकांनीही आपल्या पाल्याची कोणती माहिती कोण पाहतो, हे पालकसभेत निःसंकोच विचारावे.

व्यवस्थापन समितीने आगामी बैठकीत खात्यांची यादी, अधिकारांची वाटणी आणि कार्यभार हस्तांतराचा नमुना हे तीन कागद मंजूर करून इतिवृत्तात नोंदवावेत. खरेदीचा विचार त्यानंतर व्हावा. आपल्या आधीच्या पिढीने मूठमूठ धान्य आणि रुपया-रुपया गोळा करून अशा संस्था उभ्या केल्या. त्यांच्या नोंदी एखाद्याच्या विसरलेल्या पासवर्डमागे अडकून पडू नयेत, एवढी काळजी घेणे आपल्या पिढीच्या हाती आहे.